आकडा हलायचा थांबला, तेव्हाच भोंगा वाजायला हवा होता

प्रश्न : आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात आहे. गावी आई-बाबा दोघंच असतात, मी नोकरीसाठी ठाण्याला. परसातल्या मांगरात बाबांचा काजूचा लहानसा घरगुती उद्योग आहे. बी फोडणं, गर सुकवणं, सोलणं सगळं घरीच होतं. सुकवायला विजेचा ड्रायर आहे, आत कॉइल आणि पंखा. गेल्या गणपतीत मी घरी होम असिस्टंट (घरातली उपकरणं एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर) बसवलं आणि काजूचा हंगाम सुरू झाल्यावर ड्रायरच्या वरच्या ट्रेवर झिगबी या बिनतारी पद्धतीचा, सेलवर चालणारा छोटा तापमान सेन्सर ठेवला. ७५ अंशांच्या वर गेलं की माझ्या मोबाइलवर सूचना यायची, अशी योजना होती. एप्रिलमध्ये एका रात्री ड्रायरचा पंखा बंद पडला, कॉइल तापत राहिली आणि तिच्याजवळच्या दोन ट्रेमधले गर काळे पडले. पहाटे पाचला आईला वास आला म्हणून पुढचं टळलं. मी मोबाइल बघितला तर त्यावर ६४.३ अंश! रात्री साडेअकरापासून पहाटे पाचपर्यंत ६४.३. सूचना आलीच नाही. बाबा म्हणाले, "माका हात लावल्यार कळता. ता यंत्र काढ थयसून." आता सेन्सर बदलू की नाद सोडू? इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या कपाटातही तसलाच एक सेन्सर भिंतीला लावलाय, तो दुपारी ३९-४० दाखवतो. किती आकड्याला काळजी करायची?

उत्तर : ताई, नाद सोडू नका. पण तो सेन्सर ड्रायरमधून आजच काढायला सांगा. बाबांचं तेवढं म्हणणं अगदी बरोबर आहे.

तुमचं पत्र वाचताना मी ६४.३ या आकड्यापाशीच अडलो. साडेपाच तास एकच आकडा, तोही दशांशासकट. चालू ड्रायरमध्ये असं कधी होत नाही. थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, तापमान दोन-तीन अंश उतरतं, कॉइल पुन्हा लागते, तापमान पुन्हा चढतं. त्या रात्रीचा आलेख उघडून बघा. साडेअकरापर्यंत करवतीच्या दातांसारखी रेघ दिसेल आणि तिथून पुढे पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ. त्या सरळ रेघेत तापमान नाहीच. सेन्सरने शेवटचा शब्द कधी उच्चारला, एवढंच ती सांगते.

असं का झालं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची खरेदी चुकणार नाही. त्या डबीत सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. साधा सीआर२०३२ बहुधा ६० अंशांपर्यंतच वापरायचा असतो. तुमचा ड्रायर रोजच ६५ च्या आसपास चालतो, म्हणजे सेन्सर पहिल्या दिवसापासून त्याच्या कुवतीबाहेरच्या जागी बसला होता. काही खेपा तो टिकला आणि त्यामुळेच तुम्हाला त्याचा भरवसा वाटला. अशा उष्णतेत सेलचं सील ढिलं पडतं, आतला द्रव कमी होतो आणि रेडिओवरून निरोप पाठवायला क्षणभर जो जोर लागतो तो त्यातून निघत नाही. सेन्सर मुका होतो. तुम्ही ज्या क्षणासाठी तो ठेवला होता, नेमक्या त्याच क्षणी.

आता दुसरी अडचण, आणि माझ्या मते हीच मोठी. सेन्सर मुका झाला हे होम असिस्टंटला लगेच कळत नाही. सेलवर चालणारी झिगबी उपकरणं सेल वाचवण्यासाठी बराच वेळ झोपलेली असतात आणि मधूनच जागी होऊन निरोप देतात, म्हणून सॉफ्टवेअर त्यांची खूप वाट बघतं. होम असिस्टंटमधली झेडएचए ही जोडणी, तुम्ही काही बदललं नसेल तर, अशा उपकरणाला तब्बल ६ तासांनी 'अनुपलब्ध' म्हणते. झिगबी टू एमक्यूटीटी हे दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथली मुदत, उपलब्धतेची तपासणी चालू केलेली असली तरीही, २५ तासांची. तोवर पडद्यावर शेवटचाच आकडा दिसत राहतो. तुमचे साडेपाच तास त्या सहाच्या आतच होते. एखाद्या खोलीच्या तापमानाला ही वाट बघणं चालतं. ज्या ठिकाणी अर्ध्या तासात गर कोळसा होतो, तिथे ते घातक आहे.

म्हणून जास्त तापमानावर नजर ठेवायची तर पहिला नियम आकड्याचा नाही, शांततेचा करा : ड्रायर चालू असताना दोन मिनिटं ताजा आकडा आला नाही, तर तो ९० अंश आल्याइतकाच गंभीर प्रकार समजायचा. हा नियम सेलवरच्या सेन्सरला लावताच येत नाही, कारण त्याचा स्वभावच गप्प राहण्याचा. तो वायरच्या सेन्सरला लावता येतो, जो अडॅप्टरवर चालतो आणि दर दहा सेकंदांनी बोलतो.

बाबांच्या हाताविषयी मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण तुमच्या घरातला हा प्रश्न सेन्सर बदलून सुटणार नाही. इतकी वर्षं काजू करणारा माणूस गर बोटांत दाबून, पाकळी मोडून, तांबूस साल नखाने सुटते का ते बघून सांगतो की सुकला की नाही. हे कुठल्याही सेन्सरला जमत नाही आणि जमवायचा प्रयत्नही करू नये. पण उष्णता मोजायला हाताला एक मर्यादा आहे. आपल्या कातडीतल्या मज्जातंतूंवर उष्णतेचा चटका ओळखणारी एक खास व्यवस्था असते, टीआरपीव्ही१ नावाची. ती साधारण ४३ अंशांच्या पुढे जागी होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ती १९९७ मध्ये शोधून काढली आणि त्यांना २०२१ चा नोबेल पुरस्कार मिळाला. तीच मिरचीच्या तिखटानेही जागी होते, म्हणून मिरची 'भाजते'. सांगायचं एवढंच, की त्या टप्प्याच्या पुढे हात मुख्यतः 'भाजतंय' एवढंच सांगतो. ६५ आणि ८५ यांतला फरक सांगण्याआधी तो मागे ओढला जातो. शिवाय रात्री साडेअकरा ते पाच बाबांचा हात ड्रायरवर नव्हता, तो उशाखाली होता. तसाच तो असायलाही हवा. त्यांना हे असंच सांगा : गर सुकला की नाही हे तुमचा हात ठरवणार, यंत्र फक्त तुम्ही झोपलेले असताना राखण करणार. माणसाच्या हुन्नरीला हात न लावता मदत येते म्हटल्यावर ती नाकारणारे लोक मी आपल्याकडे फार कमी बघितलेत.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो, राग मानू नका. आकडा तुमच्या मोबाइलवर होता, बाबांच्या समोर नव्हता. ड्रायरपासून वीस पावलांवर झोपलेल्या माणसाला काहीच कळणार नाही आणि ठाण्यातल्या माणसाला कळेल, ही रचनाच उलटी झाली. सूचना वेळेवर आली असती तरी तुम्ही काय केलं असतं? फोन. आणि रात्री दोनला तो उचलला गेला असताच असं नाही. म्हणून भोंगा पडवीत किंवा आई-बाबा झोपतात तिथे लावा. १२ व्होल्टचा छोटा भोंगा पुरतो. तो इंटरनेटवर, राउटरवर, अगदी होम असिस्टंटवरही अवलंबून नको. सेन्सर ज्या छोट्या बोर्डला जोडलाय त्यानेच तो थेट वाजवला पाहिजे. ईएसपी३२ हा बोर्ड ईएसपीहोम या सॉफ्टवेअरवर चालवलात तर हे सहज होतं : आकडा वर गेला किंवा सेन्सर गप्प झाला की बोर्ड स्वतःच भोंग्याची पिन चालू करतो. मोबाइलवरची सूचना त्याच्या मागून जाऊ दे. ड्रायरच्या बाहेर, बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या आकड्यांचा एक डिस्प्लेही लावा. पंधरा दिवसांत ते स्वतःच येता-जाता बघायला लागतील.

आता प्रत्यक्ष जोडणी.

ड्रायरमध्ये एक नाही, दोन सेन्सर हवेत, आणि ते वेगवेगळ्या जातीचे. तुमच्याकडे त्या रात्री नेमकं काय घडलं ते बघा. पंखा थांबला. गरम हवा कॉइलपाशीच कोंडली. थर्मोस्टॅटचा तापमान ओळखणारा फुगा बहुतेक दुसऱ्या टोकाला असणार, तिथवर हवा पोचलीच नाही, म्हणून त्याला वाटलं अजून थंड आहे आणि त्याने कॉइल चालूच ठेवली. तुमचा सेन्सर त्या रात्री ठणठणीत असता, तरी वरच्या ट्रेवर त्याला कदाचित साठच्या खालचा आकडा दिसला असता! सूचना तेव्हाही आली नसती. म्हणून एक सेन्सर कॉइलपुढे, जिथून गरम हवा निघते तिथे, आणि दुसरा वरच्या ट्रेपाशी. दोघांतला फरक हीच तुमच्या पंख्याची नाडी. पहिल्या तीन-चार खेपांत तो फरक वहीत लिहून काढा. समजा एरवी तो ८ ते १० अंश असेल, तर २० झाला की पंखा मंदावलाय किंवा जाळीत चोथा अडकलाय असं समजा. गर करपण्याच्या बऱ्याच आधी हे कळतं.

ट्रेपाशी डीएस१८बी२० हा वायरचा सेन्सर चालेल. स्टीलच्या नळीत बसवलेला मिळतो, काही शे रुपयांच्या आत. तो उणे ५५ ते १२५ अंश मोजतो आणि ८५ पर्यंत अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असतो. मात्र घेताना नळीकडे नाही, वायरीकडे बघा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेकांना काळी पीव्हीसीची वायर असते. आतला सेन्सर १२५ सोसतो पण वायर रोजच्या ६५-७० अंशांत आधी मऊ, मग कडक आणि शेवटी ठिसूळ होते. सिलिकॉन किंवा टेफ्लॉनची वायर असलेलाच मागून घ्या. त्याच्या तिन्ही तारा जोडा. दोन तारांवर चालवायची एक पद्धत आहे, पण १०० अंशांच्या वर ती वापरू नये असं बनवणारेच सांगतात, आणि अडचणीच्या वेळी तुम्हाला तेवढ्याच तापमानात त्याची साथ हवी आहे. डेटा आणि ३.३ व्होल्टच्या तारेमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका.

कॉइलपुढे मात्र डीएस१८बी२० नको. पंखा बंद पडला की तिथे १२५ सहज ओलांडलं जाईल आणि आपण पुन्हा जिथे होतो तिथेच. तिथे के-जातीचा थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर, लावा, फायबरग्लासची विणलेली वायर असलेला. त्याला मॅक्स३१८५५ ही त्याचा आकडा वाचणारी चिप जोडा. मॅक्स६६७५ स्वस्त मिळते, पण तिला फक्त तुटलेली तार ओळखता येते. मॅक्स३१८५५ तार तुटली तरी सांगते आणि कुठे चिकटली तरी सांगते. मुका सेन्सर ओळखणं हेच आपलं मुख्य काम असल्यामुळे मी इथे पैसे वाचवणार नाही. थर्मोकपलच्या दोन तारांना उलटसुलट असते. जोडून झाल्यावर टोक चिमटीत धरा. आकडा चढायच्या ऐवजी उतरला तर तारा उलट्या आहेत. रंगावरून ठरवायला जाऊ नका, अमेरिकी पद्धतीच्या वायरीत लाल तार ऋण असते आणि आपला हात सवयीने तिला धन धरतो. वायर कमी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडू नका, आकडे चुकतात. ईएसपी३२ चा बोर्ड ड्रायरच्या अंगावर न बसवता मांगराच्या भिंतीवर, झाकणाला रबर असलेल्या डबीत ठेवा. आपल्या खाऱ्या हवेत उघडा बोर्ड एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

डीएस१८बी२० ची एक खोड आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही रात्री दचकून उठाल. वीज आल्याआल्या, पहिलं मोजमाप होण्याआधी, तो बरोब्बर ८५.० अंश दाखवतो. त्याच्या रचनेतच ते आहे. कधी जोडणी सैल असेल तरी मधूनच असा ८५ उमटतो. आणि तार पूर्ण सुटली की अर्डुइनोवरचं त्याचं नेहमीचं सॉफ्टवेअर उणे १२७ दाखवतं. तेव्हा धोक्याचा आकडा ८५ ठेवू नका, ८२ ठेवा. एकट्यादुकट्या ८५.० ला भोंगा वाजवू नका, पण असे ८५ दिवसातून दोनदा दिसायला लागले तर जोडणी तपासा.

सेन्सर आले की बसवण्याआधी घरीच पारखून घ्या, कारण डीएस१८बी२० च्या नकला सर्रास विकल्या जातात. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळा, पाच मिनिटं सेन्सर बुडवा, शून्याच्या जवळ यायला हवा. मग टोपात खळखळ उकळत्या पाण्यात, भांड्याच्या तळाला न टेकवता. तुमचं गाव समुद्राच्या काठचं, त्यामुळे पाणी जवळजवळ १०० अंशांवरच उकळतं, पारख सोपी होते. महाबळेश्वरच्या माणसाला हेच करताना ९५-९६ धरावे लागतात. हा प्रयोग बाबांच्या समोर, स्वयंपाकघरातच करा. चुलीवरच्या पाण्यात १०० दाखवणाऱ्या गोष्टीवर त्यांचा जितका विश्वास बसेल तितका माझ्या शब्दांवर बसणार नाही.

होम असिस्टंटमधल्या नियमाची एक मेख तुम्हाला ठाऊक नसेल. 'अमुक आकड्याच्या वर' हा ट्रिगर रेषा ओलांडताना एकदाच पेटतो. आकडा आधीच वर असताना तुमचा संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर सूचना येईलच असं नाही. म्हणून दर पाच मिनिटांनी आपणहून तपासणारा एक वेगळा नियम जोडा, आणि कुणी 'बघितलं' असं बटण दाबेपर्यंत सूचना परत परत येऊ दे. रेषेवर आकडा खाली-वर होऊन उगीच वाजत राहू नये म्हणून ७५ ला चालू झालेली सूचना ७१ च्या खाली आल्यावरच मिटू द्या.

एवढं सगळं केल्यावरही कॉइल बंद करण्याचं शेवटचं काम या यंत्रणेवर सोपवू नका. हे मी ठासून सांगतो. कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, जुना झाला की त्याचे पॉइंट कधी कधी एकमेकांना चिकटून बसतात, आणि त्याच कामाची इलेक्ट्रॉनिक कळ, सॉलिड स्टेट रिले, बिघडली तर बहुतेक वेळा चालू स्थितीतच अडकते. सॉफ्टवेअरने कितीही वेळा 'बंद' म्हटलं तरी वीज वाहतच राहते. त्यासाठी कॉइलपाशी एक निराळा यांत्रिक कटआउट हवा, जो ठरलेल्या तापमानाला स्वतः तुटतो आणि हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा जुळत नाही. त्याने कामाच्या कॉन्टॅक्टरची नाही, दुसऱ्या वेगळ्या कॉन्टॅक्टरची वीज तोडली पाहिजे. आणि आपल्याकडे वीज जाते-येते, तेव्हा लाईट परत आल्यावर ड्रायर आपोआप सुरू होता कामा नये. बटण दाबल्यावरच सुरू होईल अशी जोडणी वायरमन अर्ध्या दिवसात करून देतो. हे २३० व्होल्टचं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. ड्रायर आधीपासून आहे, त्यात हे असेल असं धरून चालू नका, झाकण उघडून बघायला लावा.

आता इन्व्हर्टर. भिंतीवरच्या ३९-४० आकड्यावरून दोन गोष्टी कळतात आणि एक मुळीच कळत नाही. पहिली, लेड-अ‍ॅसिड बॅटरीची क्षमता आपल्याकडे २७ अंशांना धरून सांगतात आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे त्या कपाटात बॅटरी लवकर म्हातारी होणार, हे नक्की. दुसरी, कपाट कोंदट आहे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्क्यांपर्यंत साठला तर ठिणगीने पेट घेऊ शकतो. कपाटाची दारं काढून टाका किंवा खाली-वर जाळी बसवा, हे सेन्सरच्याही आधी.

जी गोष्ट कळत नाही ती मी माझ्याच घरी शिकलो. रत्नागिरीच्या घरात जिन्याखाली आमचा इन्व्हर्टर. भिंतीवर सेन्सर होता आणि तो ३६ दाखवत होता. मे महिन्यात लाईट गेलेली, फ्रिज आणि पंखे इन्व्हर्टरवर. मला गरम प्लास्टिकचा बारीक वास आला. वाकून बघितलं तर बॅटरीच्या धन टोकावरची लाल टोपी एका बाजूने ओघळली होती, मेणबत्ती ओघळावी तशी. खाली लगवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या पट्टीवर, हिरवट-पांढरी भुकटी जमलेली आणि नट बोटाने फिरत होता. भिंत ३६, लग हात लावता येणार नाही एवढा तापलेला, मध्ये हातभर अंतर. हिशेब केला तेव्हा अंगावर काटा आला. ६०० वॅटचा भार १२ व्होल्टच्या बॅटरीवर म्हणजे ५० अँपिअर. सैल, गंजलेल्या सांध्यात अवघा ०.०२ ओहम अडथळा असला तरी तिथे ५० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते, यावरून अंदाज करा. आणि एमसीबी पडत नाही, कारण तिच्या दृष्टीने करंट जास्त झालेलाच नसतो.

म्हणून भिंतीवरचा सेन्सर काढा आणि बॅटरीवर डीएस१८बी२० चे दोन सेन्सर लावा. एक बॅटरीच्या कुशीला, एक धन टोकाच्या लगलगत केबलवर, उष्णता सोसणाऱ्या टेपने बांधलेला. त्याची स्टीलची नळी दोन्ही टोकांना कधीही टेकणार नाही अशी आधी नळीवर सिलिकॉनची पुंगळी चढवा, नाहीतर आपणच शॉर्ट सर्किट करून ठेवू. मी माझ्याकडे बॅटरीच्या कुशीला ४५ ला सूचना आणि ५० ला भोंगा ठेवलाय. लगचा आकडा मात्र एकटा बघत नाही, तो कुशीपेक्षा १५ अंशांनी वर गेला की नट बघायचा. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंश असते, तिथपर्यंत थांबायचं नाही. पावसाळा संपला की टोकं खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडी करून, नट कसून वर पेट्रोलियम जेली लावायची. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या घराला हे चुकवता येत नाही.

मोकळे झालेले सेलवरचे सेन्सर टाकू नका, फक्त सेल बदला. ड्रायरमधल्याला आठवडाभर चांगल्या सेन्सरच्या शेजारी ठेवून आकडे जुळतात का बघा. ते बनलेत माणसांच्या खोलीसाठी, तर आई-बाबांच्या खोलीतच ठेवा. मार्चमध्ये घाटावरून उतरणारा कोरडा वारा दुपारपर्यंत टिकला आणि खारा वारा उशिरा आला, की किनाऱ्यावरही पारा एकदम चढतो. हवामान खातं किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांना पोचलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, की उष्णतेची लाट म्हणतं. मैदानी भागात हाच आकडा ४० आहे. आपल्याकडे तो कमी धरतात यात नवल नाही, दमट हवेत घाम वाळत नाही हे तुम्हाला सांगायला नको. खोलीत ३५ आणि आर्द्रता ७० टक्के दिसली की तुम्ही ठाण्याहून फोन करून "आता मांगरात जाऊ नका, पाणी प्या" एवढं म्हणालात तरी तो सेन्सर कामी आला. इथे सहा तासांची मुदत मात्र एक तासावर आणा.

शिमग्याला घरी जाल तेव्हा हंगाम तोंडावर असतो. त्या वेळी दरवर्षी एकदा थर्मोकपलचं टोक उकळत्या पाण्यात घालून भोंगा वाजतो का ते बघा आणि मग एका सेन्सरची वायर मुद्दाम उपटा. दोन मिनिटांत पडवीत भोंगा वाजला पाहिजे. वायर बाबांना उपटायला द्या.

आणि पंख्याचं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. कपॅसिटर गेला असेल तर तो किरकोळ खर्चात बदलता येतो. बेअरिंग गेली असेल तर नुसतं तेल घालून चालवू नका, ती पुन्हा अडकेल. कपॅसिटर असो वा बेअरिंग, पंखा दुरुस्त होऊन कटआउट बसेपर्यंत रात्रीची खेप लावू नये, गर उन्हात घालावेत, असं आजच फोन करून सांगा.